फळी मोडत नाही, वाकते: घरी फर्निचर करण्याआधीची आकडेमोड

२०२० च्या टाळेबंदीत मी पहिलं पुस्तकांचं कपाट केलं. वडिलांचे दिवाळी अंक कित्येक वर्षं पलंगाखाली खोक्यांत पडून होते, त्यांना नीट जागा द्यायची होती. १८ मिलिमीटरचं प्लाय आणलं, ४ फूट लांबीच्या फळ्या कापल्या, स्क्रू मारले, पॉलिश केलं. शेजारीपाजारी कौतुकानं बघून गेले. पावसाळा संपता संपता प्रत्येक फळीला मध्ये पाऊण इंच पोट सुटलं होतं.

आमच्या गल्लीत एक जुने सुतार राहतात. त्यांना दाखवलं. त्यांनी खाली वाकून, एक डोळा मिटून फळीच्या कडेवरून नजर टाकली आणि म्हणाले, "मोडायची नाही हो ही. पण सगळी लाकडं झोपवून ठेवलीत तुम्ही. एखादं तरी उभं करायचं."

या एका वाक्याचा पूर्ण अर्थ कळायला मला दोन टेबलं आणि एक पलंग करावा लागला. घरगुती फर्निचर वजनानं मोडल्याची उदाहरणं फार थोडी. ते वाकतं, डुलतं, किंवा पावसाळ्यात फुगून स्वतःच्याच सांध्यांतून निखळतं. पहिल्यांदा करणारा माणूस मात्र मजबुतीच्या नावाखाली जाड माल घेत सुटतो आणि नको तिथे पैसे घालतो. म्हणून करवत हातात घेण्याआधी कागदावर काय करायचं, ते इथे क्रमानं लिहितो. मुख्य उदाहरण पुस्तकांच्या कपाटाचं घेतलंय. टेबल, पलंग त्याच्या पाठोपाठ येतील.

१. आधी वजन करा

वजनकाट्यावर एकदा नुसते उभे राहा, मग फूटभर ओळीतली पुस्तकं कवेत घेऊन उभे राहा. फरक लिहून ठेवा. साधारण आकाराच्या कादंबऱ्या, कथासंग्रह वगैरे भरले तर दर फुटाला ८ ते १० किलो येतात. दिवाळी अंक मोठ्या आकाराचे आणि गच्च कागदाचे, ते माझ्याकडे १३ किलो भरले. स्वयंपाकघरात १० किलो तांदळाचा डबा जेमतेम फूटभर जागा अडवतो, म्हणजे तिथलाही हिशोब साधारण तोच.

माणसाच्या वजनाचं गणित वेगळं. ७५ किलोचा माणूस बाकावर अलगद बसला तर ७५ किलो. पण तेवढंच वजन एकदम टाकलं, अगदी वरून न आपटता नुसतं एकाएकी सोडलं, तरी त्या क्षणी लाकडाला दुप्पट वजन पेलावं लागतं. बाक, स्टूल, पलंग यांचा हिशोब म्हणून नेहमी दुपटीनं धरायचा. मुलं गादीवर उड्या मारणार असतील (मारणारच) तर त्याहून जास्त.

२. मग लांबी ठरवा, जाडी नंतर

इथे जरा रेंगाळू, कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो.

एक आकडा पाठ करून ठेवा. ११ इंच खोल, १८ मिलिमीटर जाड, बऱ्यापैकी प्लायची ३ फुटी फळी, दोन्ही टोकांना नुसती टेकलेली, तिच्यावर दर फुटाला १० किलो याप्रमाणे ३० किलो पुस्तकं. ही फळी मध्ये साधारण ३.६ मिलिमीटर वाकते. सुतारांच्या भाषेत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि वर थोडं. बाकी सगळं या आकड्यावरून गुणाकार-भागाकारानं काढता येतं.

वजन दुप्पट केलं तर वाक दुप्पट. हे सरळ आहे. जाडीचं तसं नाही: जाडी दुप्पट केली की वाक आठपट कमी होतो, म्हणजे जाडीचा घन लागतो. तीच फळी २५ मिलिमीटरची घेतली तर ३.६ चे १.३ मिलिमीटर होतात. आणि लांबीचा तर चौथा घात लागतो. लांबी दुप्पट झाली आणि दर फुटाचं वजन तेच राहिलं तर वाक सोळापट. ३ फुटांची ४ फूट केली, एकच फूट वाढवला, तर ३.६ चे ११ मिलिमीटरच्या वर जातात. उलट २ फुटांवर आणली तर पाऊण मिलिमीटरसुद्धा वाकत नाही.

माझं कपाट या हिशोबात घालून बघा. ४ फूट लांबी, दर फुटाला १३ किलो: ११ च्या जागी पंधरा मिलिमीटरच्या जवळ. अर्ध्या इंचाहून जास्त वाक पहिल्याच दिवशी ठरलेला होता. वरचा पाव इंच पावसाळ्यानं दिला.

माल बदलला की गुणक बदलतो. चांगला साग घेतला तर प्लायच्या आकड्याला ०.६ नं गुणा. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) असेल तर २ नं. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) असेल तर अडीच ते तीन. दुकानात एमडीएफ हाताला गुळगुळीत आणि जड लागतं, म्हणून माणूस ते मजबूत समजतो. जड आहे म्हणून ताठ असेलच असं नाही.

किती वाक चालेल? सुतारकामात चालत आलेला अंदाज असा की दर फुटाला अर्धा मिलिमीटर. ३ फुटी फळीला दीड मिलिमीटर. याहून थोडं जास्त असलं तरी डोळ्याला पहिल्या दिवशी कळणार नाही, पण लाकूड सततच्या वजनाखाली हळूहळू आणखी वाकत राहतं. प्लायचा वाक काही वर्षांत जवळपास दुप्पट होतो, पार्टिकल बोर्डाचा अडीच-तीन पट. दमट हवेत हे लवकर होतं. अर्ध्या मिलिमीटरचा नियम ही पुढची वाढ पोटात घेतो.

या सगळ्याचा निष्कर्ष, पुस्तकांनी भरलेल्या साध्या फळीपुरता: १८ मिलिमीटर प्लाय सव्वादोन फुटांपर्यंत. तेवढ्याच जाडीचं एमडीएफ पावणेदोन फूट, पार्टिकल बोर्ड दीड फूट. २५ मिलिमीटर प्लाय ३ फूट. यापुढे जायचं असेल तर फळी जाड करण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

३. एखादं तरी उभं करा

शाळेची प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या. आडवी धरून टोकं दाबा, धनुष्यासारखी वाकते. आता कडेवर उभी धरून तशीच दाबा. तीच पट्टी, तेवढंच प्लॅस्टिक, पण हलत नाही. जुन्या वाड्याच्या तुळया उभ्या का टाकलेल्या असतात ते इथे कळतं. ३ इंच बाय १ इंचाची पट्टी झोपवलेली असते त्यापेक्षा उभी केली की नऊपट ताठ होते.

फळीला हे लावायचं म्हणजे तिच्या पुढच्या कडेला दीड इंच उंच, पाऊण इंच जाड सागाची पट्टी उभी चिकटवायची. वरची कड फळीशी एका पातळीत, बाकीची खाली उतरलेली. ३ फुटी फळीचा हिशोब केला तर एवढ्याशा पट्टीनं ताठपणा पावणेतीन पट होतो आणि ३.६ चा वाक १.३ वर येतो. प्लायची कच्ची कडही झाकली जाते. अट एकच: पट्टी फेव्हिकॉलनं पूर्ण लांबीला चिकटलेली हवी आणि सुकेपर्यंत क्लॅम्पमध्ये आवळलेली. नुसत्या चार खिळ्यांवर मारलेली पट्टी फळीबरोबर काम करत नाही, वेगळीच वाकते.

दुसरा उपाय मधल्या आधाराचा. ६ फुटांचं कपाट असेल तर मध्ये उभा तुकडा द्या, पण आडवी फळी तिथे कापू नका. एकच अखंड फळी मधल्या आधारावरून नेली तर दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवतात; तिथेच कापून दोन वेगळ्या फळ्या केल्या तर त्या दुपटीहून जास्त वाकतात. पलंगाच्या आडव्या पट्ट्यांनाही हाच न्याय.

आणखी एक गोष्ट कापताना सांभाळा. प्लायच्या ८ बाय ४ च्या शीटवर वरच्या थराचे धागे साधारणपणे ८ फुटांच्या दिशेनं जातात. फळीची लांबी त्याच दिशेनं काढायची. उलट कापली तर ताठपणा निम्म्यावर येऊ शकतो. ब्लॉकबोर्डात तर फरक याहून जास्त, कारण आतल्या पट्ट्या एकाच दिशेनं असतात. ४ फूट रुंदीतून ११ इंचाच्या चार पट्ट्या निघतात आणि करवतीच्या जाडीला जागा उरते; पुस्तकाच्या फळीला याहून जास्त खोली लागतच नाही.

४. डुलणं थांबवा

काडेपेटीतला आतला खण बाहेर काढा आणि बाहेरचं खोकं एका कोपऱ्यातून दाबा. सपाट होतं. खण परत आत घाला आणि दाबा. आता होत नाही. पाठ नसलेलं कपाट म्हणजे खण काढलेली काडेपेटी. चार बाजूंचा चौकोन कितीही जाड लाकडाचा केला तरी कोपऱ्यांत फिरतो. त्याला आतून एक पत्रा किंवा एक कर्ण लागतो.

कपाटाला हा कर्ण म्हणजे मागचं ६ मिलिमीटरचं प्लाय. फेव्हिकॉल लावून, दर ६ इंचांवर स्क्रू. फक्त मारण्याआधी कपाट पालथं घालून दोन्ही कर्ण टेपनं मोजा. दोन्ही सारखे भरले की कपाट गुण्यात, म्हणजे नीट काटकोनात, आहे. एक सुताचा फरक असला तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांना दाबून सरळ करा आणि मगच पाठ मारा. एकदा पाठ बसली की ते जसं आहे तसंच आयुष्यभर राहणार. मागच्या प्लायमधून प्रत्येक फळीच्या मागच्या कडेतही दोन-तीन स्क्रू सोडा. फळीची मागची कड वाकायची थांबते, म्हणजे पुढची पट्टी आणि मागची पाठ मिळून फळी दोन्ही बाजूंनी धरली जाते.

उघडं, आरपार दिसणारं रॅक हवं असेल तर वरच्या आणि खालच्या फळीखाली ४ इंच उंच उभी पट्टी बाजूपासून बाजूपर्यंत द्या. पाठीइतकं काम करत नाही, पण चालतं.

५. टेबल: झालर कमी करू नका

टेबलाचं डुलणं थांबवायला पाठ नसते. तिथे काम करते ती वरच्या पाट्याखाली चारही पायांना जोडणारी पट्ट्यांची चौकट, म्हणजेच झालर. ही चौकट दिसायला नाजूक हवी म्हणून लोक तिची उंची कमी करतात आणि मग टेबलावर लिहिताना पाण्याचा ग्लास थरथरतो.

हिशोब सोपा आहे. टेबल ओढताना कुणी वरून २० किलोचा आडवा जोर लावला तर प्रत्येक पायावर ५ किलो. पाय सांध्याखाली २७ इंच लोंबतोय, म्हणजे तरफेसारखे ५ गुणिले २७, १३५ किलो-इंच प्रत्येक सांध्यावर. चौकटीची पट्टी ४ इंच उंच असेल तर सांध्याच्या आत वर-खाली साधारण ३ इंचांचा हात मिळतो आणि सांधा ४५ किलोनं ओढला जातो. पट्टी २ इंचच ठेवली तर दीड इंचाचा हात आणि ९० किलोची ओढ. पायाची जाडी वाढवून यातलं काहीच बदलत नाही. मी पहिल्या टेबलाला ३ इंच जाडीचे पाय लावले होते, पट्टी २ इंचांची. हत्तीचे पाय आणि डुलणारं टेबल.

गुडघ्यांसाठी जागा हवी म्हणून ४ इंच शक्य नसेल, तर पायांना खालून ६-८ इंचांवर आडवी पट्टी द्या. एच आकारात दिली की पाय पसरायला जागा राहते. पाय आपापल्या जागी दोन ठिकाणी धरले गेले की वरच्या सांध्याचा ताण एकदम उतरतो.

६. सांध्याबद्दल थोडं

कुसू, म्हणजे एका तुकड्याचं कापून बारीक केलेलं टोक, दुसऱ्याच्या चौकोनी भोकात घट्ट बसवायचं: टेबल-खुर्चीला याहून चांगला सांधा नाही. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ठेवा आणि पट्टीची जितकी उंची मिळेल तितकी उंची कुसवाला द्या. पटाशीचा हात बसला नसेल तर लाकडी खुंट्या किंवा कोपऱ्यात पत्र्याची ब्रॅकेट आणि बोल्ट. बोल्टचा एक फायदा असा की दोन वर्षांनी ढिला झाला तर पाना लावून आवळता येतो.

फेव्हिकॉल लाकडाच्या लांब कडेला लांब कड चिकटवताना इतका धरतो की तोडायला गेलं तर शेजारचं लाकूड फाटतं. पण कापलेल्या टोकाला, जिथे धाग्यांची तोंडं उघडी असतात, तो जवळपास शोषला जातो. टोक चिकटवून केलेला सांधा विश्वासाचा नाही. स्क्रूचंही तसंच: टोकात मारलेला स्क्रू ओढला की निघतो. प्लायच्या कडेत मारायचा असेल तर आधी बारीक ड्रिलनं भोक पाडा, नाहीतर थर उलगडतात.

म्हणून फळीचं वजन स्क्रूवर टांगू नका, लाकडावर टेकवा. बाजूच्या पाट्यात ६ मिलिमीटर खोल खाच काढून तिच्यात फळी बसवली तर उत्तम. राऊटर (खाच काढायचं यंत्र) नसेल तर फळीखाली इंचभराची पट्टी चिकटवून, स्क्रू मारून, तिच्यावर फळी ठेवा. दिसायला गावठी वाटते. पुस्तकांच्या मागे कुणाला दिसत नाही.

७. लाकडाला हलायला जागा द्या

आजीचा एक फणसाच्या लाकडाचा पाट आमच्याकडे आहे. उलटा केला की खाली दोन आडव्या पट्ट्या दिसतात. त्या वरून ठोकलेल्या नाहीत. पाटात उतरत्या कडांची खाच काढून बाजूनं सरकवल्या आहेत आणि प्रत्येकीला मधोमध एकच खिळा आहे. कोकणातले किती पावसाळे झाले, पाट ना वाकला ना फाटला. ज्या सुतारानं तो केला त्याला ठाऊक होतं की लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, त्याला अडवायचं नाही, फक्त सरळ ठेवायचं.

आकडा हवा असेल तर: सागातला ओलावा ५ टक्क्यांनी बदलला की ३ फूट रुंदीचा अस्सल लाकडी पाटा ५ ते ८ मिलिमीटर रुंद किंवा अरुंद होतो, फळ्या लाकडातून कशा कापल्यात त्यावर फरक अवलंबून. नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा जुलै यांत एवढा फरक सहज पडतो. लांबीत मात्र लाकूड हललं तरी न मोजता येण्याइतकंच. म्हणून टेबलाचा वरचा पाटा चौकटीला चारही बाजूंनी फेव्हिकॉल लावून कधीच चिकटवायचा नाही. मधोमध एक स्क्रू पक्का, बाकीच्या स्क्रूंची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट. त्यांच्याखाली वॉशर. पाटा आपला सरकत राहील.

प्लाय आणि ब्लॉकबोर्ड यांना ही भीती जवळजवळ नाही. त्यांना भीती फरशी पुसण्याची. रोज ओलं फडकं कपाटाच्या बुडाला लागतं, साधं एमआर (नुसत्या दमट हवेला टिकणारं) प्लाय तिथे थर सोडतं आणि दोन-तीन वर्षांत खालचा इंच फुगतो. बुडाखाली रबरी किंवा प्लॅस्टिकचे बुश लावून कपाट १० मिलिमीटर उचला, खालची कड वॉर्निशनं बंद करा. स्वयंपाकघर आणि बाथरूमजवळ बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारं) प्लाय घ्या. शीटवर आयएस ३०३ (प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का आणि ग्रेड दोन्ही पाहून. सतत ओलाव्याच्या जागी आयएस ७१०, म्हणजे मरीन.

८. पलंग आणि खुर्ची

पलंगाची एकच मेख: मधला दांडा. ५ फूट रुंदीवर आडव्या पट्ट्या नुसत्या दोन बाजूंच्या पट्ट्यांवर टाकल्या तर मध्ये झोळी होणार. डोक्यापासून पायापर्यंत एक ३ इंची दांडा उभ्या कडेवर द्या आणि त्याच्या मधोमध जमिनीपर्यंत एक पाय. लांबी निम्मी झाली की काय होतं ते दुसऱ्या भागात पाहिलंच. वर प्लाय टाकणार असाल तर हातभर अंतरावर भोकं पाडा, नाहीतर पावसाळ्यात गादीखाली बुरशी येते. बाजूच्या पट्ट्या डोक्याच्या फळीला स्क्रूनं नाही, बोल्टनं जोडा. घर बदलताना आभार मानाल.

खुर्चीच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. माणूस जेवण झाल्यावर मागच्या दोन पायांवर रेलतो आणि त्या क्षणी सगळं वजन बैठकीच्या मागच्या दोन सांध्यांवर येतं. अनुभवी सुतारांच्या खुर्च्याही तिथेच कुरकुरतात. आधी स्टूल करा.

९. भिंत आणि जमीन

७ फूट उंच, ११ इंच खोल कपाट वरून ११ इंच पुढे आलं की परत मागे जात नाही. भरलेलं कपाट तसं स्थिर असतं. धोका नव्या, रिकाम्या कपाटाचा. ४० किलोच्या रिकाम्या कपाटाला पुढे पडण्यापासून रोखणारा जोर ४० गुणिले साडेपाच, म्हणजे २२० किलो-इंच. खालचा ड्रॉवर उघडून त्यावर २० किलोचं सहा वर्षांचं पोर उभं राहिलं, फूटभर पुढे, की २४० झाले. म्हणून पुस्तकं लावायच्या आधी, त्याच दिवशी, वरून दोन एल अँगल भिंतीत रावल प्लग घालून आवळायचे. मुलं नसलेल्या घरातही. मुलं पाहुणी येतात.

भिंतीवर टांगायच्या फळीला ब्रॅकेटची उंची बघा. ३० किलोची फळी, वजन भिंतीपासून साडेपाच इंचांवर, १६५ किलो-इंच. ब्रॅकेट ८ इंच उंच असेल तर वरचे स्क्रू मिळून २० किलोनं ओढले जातात. ३ इंचांची शोभेची ब्रॅकेट असेल तर ५५ किलोनं. हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत, आजकालच्या इमारतींत असतात तशा, साधा प्लग नीट धरत नाही. त्या भिंतींसाठीचे लांब प्लग वेगळे मिळतात, तेच वापरा. विटांच्या भिंतीत प्लग विटेत गेला पाहिजे, गिलाव्यात नाही.

सहा फळ्यांचं भरलेलं कपाट सव्वादोनशे किलोच्या आसपास जातं. आरसीसी इमारतीत ते भिंतीलगत, शक्यतो बीमवर किंवा बीमजवळ ठेवा. जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर ठेवणार असाल तर आधी खालच्या तुळया कुठून कुठे जातात ते बघा आणि कपाट दोन-तीन तुळयांवर आडवं पडेल असं ठेवा. एकाच तुळईच्या मध्यावर नको.

१०. भरण्याआधी तपासा

पॉलिशच्या आधी हे करायचं, नंतर दुरुस्तीचा कंटाळा येतो. फळीच्या खालच्या कडेला दोन्ही टोकांना खिळा मारून बारीक दोरा ताठ बांधा. दोरा आणि फळी यांत मध्ये किती अंतर आहे ते स्टीलच्या पट्टीनं मोजा. मग पाण्याचे २० लिटरचे कॅन भरून फळीवर ठेवा. दोन कॅन म्हणजे ४० किलो आणि वर कॅनचं वजन. ३ फुटी फळीला तेवढं पुरे. फळी वाकली की दोरा आणि फळी जवळ येतात. अंतर जितकं घटलं तितका वाक. पुन्हा मोजा. बाकावर कॅन ठेवण्यापेक्षा घरातल्या तिघांना बसवून मोजलेलं बरं, आणि एकदम बसायला सांगा.

टेबलासाठी पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी वर ठेवून कडेला मनगटानं टपली मारा. पाणी सांडलं तर चौकट कमी आहे. ही कसोटी कुठल्याही पुस्तकात नाही, आमच्या सुतारकाकांची आहे.

माझं ते पहिलं कपाट मी फेकलं नाही. सगळ्या फळ्या काढल्या, पोट वर येईल अशा उलट्या करून बसवल्या आणि दिवाळी अंक परत लावले. महिनाभरात वजनानं त्या जवळपास सरळ झाल्या. मग मध्ये उभा तुकडा घातला, २-२ फुटांचे दोन गाळे झाले, पुढे सागाची पट्टी चिकटवली. मधल्या फळीच्या खालच्या बाजूला, जिथे दोरा बांधला होता तिथे, पेन्सिलीनं तारीख आणि वाक लिहून ठेवतो. पहिल्या दिवशी अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. तीन पावसाळे झाले, मोजायच्या स्टीलच्या पट्टीवर अजून मिलिमीटरची एक रेघ पूर्ण भरत नाही.